बारा एकर बाभळी आणि तीन यंत्रं

पारनेरला सरकारी यंत्रं आली ही बातमी गावात आणली एस.टी.च्या कंडक्टरने. तीन धुडं उभी केलीत म्हणाला, आणि त्यातल्या दोघांना चाकंच नाहीत. लोकांनी ऐकलं, माना हलवल्या आणि आपापल्या पिशव्या उचलून घरी गेले. मच्छिंद्र तिथेच उभा राहिला. चाकं नाहीत, तर चालतात कशी?

मच्छिंद्र चोवीस वर्षांचा. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं त्याला विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने शिकवलं. इंजिन बंद पडलं की तो ते खोलायचा, सगळे नटबोल्ट पोत्यावर ओळीने मांडायचा आणि परत जोडायचा. पहिल्या खेपेला तीन बोल्ट उरले आणि इंजिन तरीही चालू झालं. ते तीन बोल्ट कुठले, हे त्याला अजून कळलं नव्हतं, आणि मधूनच जेवताना ते आठवून त्याचा घास हातात राहायचा.

घर गुरांचं. गोठ्यात लहानमोठी अठ्ठावीस खिल्लारं. खोंडं वाढवायची, कामाला शिकवायची, जोडी जमवायची आणि विकायची, हा त्यांचा धंदा. घरात कर्ती बनुबाई, मच्छिंद्रची थोरली चुलती. तिचा नवरा कानिफनाथ जाऊन आठ वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. माणसं गोळा झाली, तेराव्याला काय काय बोलली, आणि चौदाव्या दिवशी बनुबाई काठी घेऊन गुरांमागे निघाली. तेव्हापासून गुरांचं ती बघायची आणि शेताचं तिचे धाकटे दीर आबासाहेब. आबासाहेब म्हणजे मच्छिंद्रचे वडील. मच्छिंद्र चुलतीला मोठी आई म्हणायचा.

तर एकाहत्तरच्या त्या उन्हाळ्यात घोळ असा झाला, की गावच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं. आत झाडं लावणार होते. गुरांना चरायला जागाच उरली नाही. घराची ओढ्यापलीकडे बारा एकर जमीन होती, पण तिच्यात नुसत्या बाभळी आणि हिवर. आत शिरलं की माणूस कपडे फाडून बाहेर यायचं. कानिफनाथ म्हणायचा, कधीतरी मोडू. ते कधीतरी आता आलं होतं.

बनुबाईने एका सकाळी धार काढता काढता सगळं सांगून टाकलं. कडबा आखाडापर्यंत पुरेल. त्या बारा एकरांत मृगाला कडवळ पडलं, तर दोन महिन्यांत हिरवा चारा उभा राहतो आणि गुरं राहतात. नाही पडलं, तर अर्धी गुरं घोडेगावच्या बाजाराला न्यायची. चौदा. कुठली चौदा हे तिने सांगितलं नाही, पण तिने मनात मोजून ठेवलीत हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

यंत्रं सरकारातून तासावर भाड्याने मिळायची. अर्जात लिहून द्यायचं, तीनपैकी कुठलं हवं. एका शेतकऱ्याला एक यंत्र, एक पाळी. पाळी संपली की यंत्रं जामखेडकडे जाणार, आणि परत कधी येतील ते कोणी सांगेना.

आबासाहेबांचं ठरलेलं होतं. बुलडोझर. त्यांनी तो पाहिला नव्हता, पण नावच असं होतं की त्याच्यापुढे बाभळीने काय उभं राहावं. शिवाय तालुक्याच्या या बाजूला अजून कुणाच्या रानात बुलडोझर आला नव्हता. आपल्यात आला तर लोक बैलगाड्या जोडून बघायला येतील, हेही त्यांनी दोनतीन जणांना सांगून झालं होतं.

बनुबाई म्हणाली, "भावजी, तुमचं बराबर असंल. पर आधी बघून तर येऊ दे कुनाला." मग मच्छिंद्रकडे वळली. "इंजिनाचं तुला कळतं. तू जा, तिन्ही बघ, आन् तूच सांग कुठलं आनायचं."

आबासाहेबांनी तंबाखूची चिमूट जरा मोठी घेतली एवढंच.

*

यंत्रं चार कोसांवर एका वाडीत कामाला लागली होती. मच्छिंद्र भाकरी बांधून सायकलवर रोज जायचा आणि बांधावर बसून बघायचा. तिथे त्याच्यासारखे बघे पुष्कळ होते. शेंगदाणे विकणाराही आला होता.

पहिल्या दिवशी त्याने रबरी चाकांचा ट्रॅक्टर बघितला. तांबडा, चकचकीत, पळायला एकदम हलका. आवाजही गोड. मच्छिंद्रला तो बघताक्षणी आवडला आणि तासाभरात नावडला, कारण तासाभरात त्याच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर पकड घेऊन काटे उपटत बसले. एक निघाला की दुसरा दिसायचा. बघ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, आमच्या बैलाच्या खुरात गेला तर आमीबी असंच बसतो, मग याच्यात आन् त्याच्यात फरक काय.

दुसऱ्या दिवशी बुलडोझर. पिवळा, पुढे लोखंडी पातं, आणि चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्यांची साखळी. ती साखळी स्वतःच पुढे पसरायची आणि यंत्र तिच्यावरून जायचं. म्हणजे हा आपला रस्ता आपणच घेऊन फिरतो, मच्छिंद्रच्या मनात आलं. ते कोडं सुटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्याने शेंगदाणे घेतले.

पण खरी गंमत पुढे होती. त्याला वाटलं होतं, बुलडोझर झाडाच्या बुंध्याला धडक देत असेल. तसं नव्हतं. ड्रायव्हर पातं वर उचलायचा, माणसाच्या डोक्याइतकं वर, आणि बाभळीच्या खोडाला हळूच टेकवायचा. मग जोर लावायचा. झाड पलीकडे कलायचं, अलीकडची मुळं जमीन फोडून वर यायची, आणि मग तो मागे सरून पातं खाली करून त्या मुळांच्या खाली घालायचा. झाड मुळासकट आडवं. मच्छिंद्रने सात झाडं बघितली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. हा माणूस झाडाचीच पहार करतोय. झाड जितकं उंच तितकी पहार लांब, आणि जोर तितका कमी.

तिसऱ्या दिवशी साखळीचाच ट्रॅक्टर, पण पात्याशिवाय. मागे जाड नांगर आणि ओढायला लोखंडी हूक. हा सगळ्यात कमी दिमाखाचा. रंग उडालेला, धूर जास्त. बघे त्याच्याकडे पाठ करून बुलडोझरच बघत होते. मच्छिंद्रलाही तो मोह झाला, पण बुलडोझर जिथून गेला होता तिथे त्याला काहीतरी खुपलं. जमीन सपाट झाली होती, टेबलासारखी, पण तिचा रंग पिवळट होता. आणि काळी माती कुठे गेली म्हणून बघितलं, तर ती बांधाला, पाडलेल्या झाडांच्या ढिगात, फांद्यामुळांत अडकून पडली होती. शेताचा मालक मात्र खुश होता. तो सपाट रानात चपला काढून इकडून तिकडे चालत होता.

बुलडोझरचा ड्रायव्हर राधाकृष्ण नावाचा. चाळिशीचा, बारीक, कानात कापसाचा बोळा. दुपारी तो झाडाखाली जेवायला बसला तेव्हा मच्छिंद्र जवळ सरकला. तो अकोले तालुक्यातला निघाला, डोंगरातला. त्याच्या गावात सगळी भाताची खाचरं, एकेक खाचर खाटेएवढं, बुलडोझर वळवायला सुद्धा जागा नाही. सगळ्या जिल्ह्याची रानं मोडून झाली, म्हणाला, पण माझ्या बापाचं खाचर अजून मी कुदळीनंच करतो.

मच्छिंद्रने त्याला एकामागून एक विचारलं. साखळी सैल झाली तर काय, तेल किती खातो, मागे बघायला मान दुखत नाही का. राधाकृष्णाने सगळ्याला उत्तरं दिली. मग भाकरी संपवून त्याने एकच गोष्ट विचारली.

"माती किती हाय तुमच्याकडं?"

"बारा एकर."

"रान न्हाई इचारलं, पाव्हणं. माती. खाली किती हाय?"

मच्छिंद्रला सांगता येईना. राधाकृष्ण म्हणाला, कुणालाच सांगता येत नाही. हा मालक बघा, यालाही विचारलं होतं, म्हणाला भरपूर हाय. बुलडोझर झाड काढतो तेव्हा वरची हातभर माती बरोबर नेतो. खाली दोन हात माती असेल तर काही बिघडत नाही. हातभरच असेल तर मुरूम उघडा पडतो आणि मग तिथे तुमचा नातूसुद्धा पेरणार नाही.

मच्छिंद्र सायकलवरून येताना रस्त्याकडेच्या प्रत्येक उंदराच्या बिळाशी थांबला. बिळाच्या तोंडाशी उंदराने बाहेर टाकलेली माती बघायची, काळी की पिवळी. त्याला वाटलं, घरी गेलो की ओढ्यापलीकडच्या बाभळींतही अशी बिळं शोधू. उंदीर खोटं कशाला बोलेल.

*

पण घरी पोचला तर बाभळी नव्हत्या.

म्हणजे होत्या, पण आडव्या. आबासाहेबांनी तीन दिवसांत इर्जिक घातली होती. गावातली वीसबावीस माणसं आपापल्या कुऱ्हाडी घेऊन आली होती, आबासाहेबांनी त्यांना दोन्ही वेळेला मटणभाकरी घातली होती, आणि ओढ्याच्या बाजूची सगळी मोठी झाडं आणि वरच्या अंगाची झुडपं तोडून झाली होती. यंत्र तासावर येणार, त्याचा एक तासही फांद्या तोडण्यात जाऊ नये, असा त्यांचा हिशेब. आणि तोडली होती तीसुद्धा कशी, जमिनीबरोबर. आपल्याकडची रीतच ती. बाभूळ तोडली आणि खुंट वर ठेवला, तर चार लोक हसतात. बैलाच्या पायात येतो, औताला लागतो, माणूस कामचुकार म्हणून नाव पडतं. म्हणून इर्जिकीतल्या लोकांनी बुंधे इतके साफ केले होते की त्यांच्यावर पाट मांडून जेवायला बसावं.

आबासाहेब उपरणं खांद्यावर टाकून रानाच्या मधोमध उभे होते. "बघ," म्हणाले. "आता यंत्राला काम काय उरलंय? नुस्तं फिरायचं."

मच्छिंद्र खाली बसला. एका बुंध्यावर हात फिरवला. गुळगुळीत, जमिनीच्या पातळीत, बशीसारखा. त्याच्या डोळ्यांसमोर ते पातं आलं, माणसाच्या डोक्याइतकं वर उचललेलं. ते आता टेकवायचं कशाला? पहारच तोडून टाकली होती, आणि मूळ तसंच जमिनीत होतं.

त्याने ते वडिलांना सांगितलं. नीट सांगायला पाहिजे होतं, पण तो दमला होता आणि खरं असेल ते तोंडावर बोलायची त्याला खोड होती. सगळी झाडं वाया घालवली म्हणाला. चार माणसं ऐकत होती. आबासाहेबांचा चेहरा उतरला, मग तापला. तुझं वय किती, माझ्या बापजाद्यांनी बाभळी तोडल्या त्या काय यंत्राला विचारून, असं बरंच झालं. आणि शेवटी ते म्हणाले की बुलडोझरच येणार, त्याला दम असेल तर बुंधे जमिनीतून उकरून काढील. एवढं बोलून ते ओढा उतरून निघून गेले.

चिडले तरी आबासाहेब खोटं बोलले नव्हते. बुलडोझर बुंधे उकरू शकला असता. पातं जमिनीत घालून, हातभर खोल, मातीसकट. म्हणजे परत तोच प्रश्न. खाली आहे किती?

बनुबाई रानाच्या वरच्या अंगाला उभी होती. दिराचं आणि पुतण्याचं तिने सगळं ऐकलं होतं, पण ती त्यात पडली नव्हती. झुडपं गेल्यामुळे तिथे एक नवीनच गोष्ट दिसायला लागली होती. जागोजाग दगडांचे ढीग. गुडघ्याइतके उंच, बैलाच्या लांबीचे. मच्छिंद्र वर गेला तेव्हा बनुबाई एका ढिगाशी उभी राहून वरचा एक दगड नीट बसवत होती.

ही गुरांची थडगी आहेत हे त्याला माहीत होतं. घरची गुरं मेली की याच रानात पुरायची. लहानपणी त्याला कोणीतरी सांगितलं होतं की जी गाय फार लाडकी, तिच्यावर दगड रचायचे. त्याला ते पटलंही होतं.

"मोठी आई, खालच्या अंगाला एकबी ढीग न्हाई. तिकडं पुरलीच न्हाईत का?"

"पुरलीत की. तिकडं पाच हायेत."

"मग दगड का न्हाईत?"

बनुबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने पाणी ओलं का असतं असं विचारलं. "दगड कुनी हौसंनं ठिवतं का? हितं खड्डाच व्हत न्हाई. गुडघ्याइतकं खनलं की पहार वाजती. माती पुरंना, मग जनावर झाकायचं कशानं? तरस उकरतं. म्हनून दगुड."

मच्छिंद्रने ओढ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आन् खाली?"

"खाली माती हाय. तुझा काका छातीइतका आत उभा असायचा, मी वरून पाटी वढायची."

आणि मग तिने दाखवलं. काठी घेऊन पुढे चालली आणि मच्छिंद्र मागे. ही तांबूस कालवड, फऱ्या रोगाने गेली, हिच्या वेळेला गुडघ्याला मुरूम लागला. ही कोसी गाय, कंबर. ओढ्याजवळ म्हातारा बैल, त्याला खणताना मुरूम लागलाच नाही, कानिफनाथ म्हणाला बास कर, नाहीतर विहीर होईल. इथे ढीग, तिथे सपाट. बनुबाई थांबायची, काठी टेकायची, गुराचं नाव सांगायची आणि आपल्याच अंगावर हात लावून खोली दाखवायची. गुडघा. कंबर. छाती. तिला एकरात सांगता आलं नसतं, पण पंधरा वर्षांत पुरलेल्या चौदा जनावरांची जागा आणि खड्डा तिला पाठ होता. मच्छिंद्र प्रत्येक ठिकाणी बाभळीची एक फांदी रोवत गेला.

ओढ्याला पोचले तेव्हा मागे वळून बघितलं. फांद्यांनी रानाचे दोन तुकडे केले होते. ओढ्याकडचे सात एकर कंबरेच्या वर. वरचे पाच एकर गुडघ्याच्या खाली. मच्छिंद्रला उंदराचं एकही बीळ शोधावं लागलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी यंत्रांना सुट्टी होती. मच्छिंद्र राधाकृष्णाला सायकलवर पुढे बसवून घेऊन आला. राधाकृष्णाने आल्या आल्या पाणी मागितलं नाही, पहार मागितली. फांद्यांच्या कडेने चारपाच ठिकाणी ठोकून बघितलं. वरच्या अंगाला तिसऱ्या घावाला खण्ण झालं. त्याने पहार मच्छिंद्रच्या हातात दिली आणि बनुबाईकडे बघून म्हणाला, "हे कुनी मोजलं?"

"गुरांनी," बनुबाई म्हणाली.

मग त्याने बुंधे बघितले. तिथे आबासाहेबही आले होते, जरा लांब, बैल सोडायचं निमित्त करून. राधाकृष्णाला सगळा प्रकार कळला असावा, कारण तो जरा मोठ्याने, हवेत बोलल्यासारखा बोलला. असं तर सगळीकडे होतं, म्हणाला. मागच्या गावातही लोकांनी मदत म्हणून झाडं तोडून ठेवली होती. यंत्र बघितलंच नाही कधी, तर माणसाला कळावं कुठून.

मग त्याने मार्ग सांगितला. वरच्या पाच एकरांना हात लावू नका, तिथे कुठलंच यंत्र नको. बाभळी छाटा आणि गवत येऊ द्या. खालच्या सात एकरांत माझा बुलडोझर आणाल तर तो बुंधा काढील, पण गाडाभर माती घेऊन काढील. त्यापेक्षा तो रंग उडालेला साखळीचा ट्रॅक्टर आणा. बुंध्याच्या भोवती आधी तुम्ही माणसांनी खणायचं, दोन हात खोल. आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडायची. मग साखळदंड अडकवायचा, ट्रॅक्टर ओढतो, बुंधा दातासारखा येतो. बुंधे निघाले की त्यानेच नांगरून घ्या. पण खणून ठेवलं पाहिजे. तो येईल तेव्हा एकही बुंधा न खणलेला असला, तर तो ओढत बसणार नाही.

सात एकरांत एकशे आठ बुंधे होते. पाळी यायला दिवस नऊ.

संध्याकाळी ओसरीवर बनुबाईने विचारलं, "मग काय लिहायचं अर्जात?"

मच्छिंद्रला वडिलांकडे बघवेना. सांगायला तोंड उघडलं आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं की सात एकर म्हणजे बारा नव्हेत. म्हणजे चौदाच्या चौदा गुरं वाचत नाहीत. बुलडोझर आणला असता तर निदान दिसायला तरी बारा एकर झाले असते, आणि मुरूम उघडा पडला तो पुढच्या वर्षी कळला असता. त्याला क्षणभर वाटलं, मी बघायला गेलोच नसतो तर बरं. पण गेला होता.

"साखळीचा," तो म्हणाला. "सात एकरांना. वरचे पाच ऱ्हाऊ द्या. मोठी आई, समदी गुरं न्हाई ऱ्हायची."

बनुबाईने बोटांवर काहीतरी मोजलं. "लिही," म्हणाली.

आबासाहेब उठून बाहेर गेले. मच्छिंद्रला वाटलं, रागावून गेले. ते गेले होते गावात. ज्या माणसांनी कालपर्यंत त्यांची इर्जिक केली होती, त्यांच्याच दारात परत गेले होते, इर्जिक सांगायला. एकाच रानाला दोन वेळा इर्जिक, हे त्या गावात कधी झालं नव्हतं. एकेका ओसरीवर उभं राहून त्यांना सांगावं लागलं, की तुम्ही तोडलं ते चुकलं, आणि तुम्हाला तोडायला मी सांगितलं तेही चुकलं, आता खणायला या. लोकांनी सोडलं नाही. कारभारी म्हणून एकजण होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, आबासाहेब, उद्या काय झाडं परत चिकटवायला बोलवणार का? तर आबासाहेब म्हणाले, "बोलवीन की. गूळ आन् चुना घिऊन ये." आणि कारभारी टिकाव घेऊन सगळ्यात आधी हजर झाला.

या वेळी मटण नव्हतं, पिठलंभाकरी होती. तरी माणसं आली. मच्छिंद्र बापाच्या शेजारच्या बुंध्याला लागला. दोघं दिवसभर बोलले नाहीत, पण संध्याकाळी आबासाहेबांनी एक मूळ तोडता तोडता विचारलं, त्या बुलडोझरच्या साखळीचं काय सांगत होतास, ती कशी फिरते? मच्छिंद्रने करगोट्याचा दोरा सोडून दोन बोटांवर गुंडाळून दाखवला. आबासाहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी रस्ता बराबरच घिऊन हिंडतो."

मच्छिंद्रने त्यांना हे आपल्यालाही सुचलं होतं असं सांगितलं नाही.

*

साखळीचा ट्रॅक्टर आला तेव्हा बघायला फार कोणी नव्हतं. पहिल्या बुंध्याला साखळदंड लागला, ट्रॅक्टरने धूर सोडला, साखळदंड ताणला, आणि काहीच झालं नाही. मग जमिनीच्या आतून कुणीतरी धोतर फाडावं तसा आवाज आला आणि बुंधा वर आला. त्याच्याखाली सोटमूळ, माणसाच्या मांडीइतकं, आणि ते येतच राहिलं. कारभारीने ते पावलांनी मोजलं. नऊ पावलं, आणि टोक तुटून आतच राहिलं होतं. बाभूळ पाण्यासाठी कुठवर गेली असेल, यावर मग जेवणाच्या सुट्टीत मोठा वाद झाला. कोणी म्हणालं ओढ्यापर्यंत. बनुबाई म्हणाली, ओढ्याच्याही खाली.

एकशे आठपैकी एकशे तीन निघाले. पाच निघाले नाहीत, ते तसेच राहिले, नांगर त्यांना वळसा घालून गेला. दोन दिवसांनी सात एकर काळंभोर उघडं पडलं, ढेकळं बैलाच्या डोक्याएवढी.

आणि मग घोडेगावच्या बाजाराचा आठवडा आला. आदल्या दिवशी विकायच्या गुरांची शिंगं साळून, घासून, त्यांना हिंगूळ लावायचा असतो. आबासाहेबांनी गोठ्याच्या तोंडाशी हिंगुळाची वाटी आणि कुंचला घेऊन बसकण मारली. बनुबाई एकेक गूर सोडून आणायची, मच्छिंद्र मोरकी धरायचा. पहिलं आणलं ते एक म्हातारं. मग दोन खोंडं, जोडी न जमलेली. मग एक गाय, जिला तीन वर्षं वेत नव्हतं. मग आणखी एक. सहावी आणली ती एक कोवळी कालवड, तिच्या कपाळावर बनुबाईने बराच वेळ हात ठेवला. आबासाहेबांनी शिंगं रंगवली आणि मच्छिंद्रने तिला बाकीच्यांच्या ओळीला बांधलं.

त्यांनी कुंचला वाटीत बुडवला आणि सातव्याची वाट बघत बसले. आत गोठ्यात बनुबाई चालताना ऐकू येत होती. ती एकेकीजवळ थांबत होती, दावं चाचपत होती आणि पुढे जात होती. मग ती रिकाम्या हाताने दारात आली.

"बास, भावजी," म्हणाली. "चौदातली आठ ऱ्हायली. उरलेल्यांना पानी दाखवा."

आबासाहेबांनी कुंचला वाटीच्या काठावर नीट निथळू दिला, हिंगूळ वाया जाऊ नये म्हणून, आणि बादली घेऊन विहिरीकडे गेले. मच्छिंद्र इंजिन चालू करायला त्यांच्यामागे धावला.